न पाहिलेल्या दरीचा नकाशा

नसरीन कशी गेली हे मी आजवर पुष्कळदा सांगितलं आहे. शाळेतल्या शोकसभेत सांगितलं, पोलिसांना सांगितलं, नव्यानं लागलेल्या शिक्षिकांना दर दोन-तीन वर्षांनी सांगितलं. सांगून सांगून त्या हकिगतीला एक घोटीव रूप आलं आहे — कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, सगळं ठरलेलं. पण जे झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही. नवऱ्याला नाही, आणि आता तो सांगण्याच्या पलीकडे गेला. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल. बघू.

आम्ही दोघी शहरातल्या गारखेडा भागात एका मुलींच्या शाळेत होतो. मी मराठी शिकवायचे, ती विज्ञान. मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. नसरीन उंच, सावळी, भराभर चालणारी. ओढणीच्या टोकाला कायम दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या, कारण शाळेत रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी तुटायचं. पोरगी चक्कर येऊन पडली — नसरीन मॅडम. घंटा बंद पडली — नसरीन मॅडम. मोठ्या बाईसुद्धा — म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका — अडलं की तिच्याच नावानं हाक मारायच्या. माझ्याकडे पोरी निबंध तपासून घ्यायला यायच्या. हळूहळू चालत.

मी तिचा हेवा करत होते का? हो. पण तिच्यावर माझा जीवही होता. ह्या दोन्ही गोष्टी एकाच डब्यात राहतात, हे मला त्या वेळी कळत नव्हतं.

सहलीची कल्पना तिचीच. दर हिवाळ्यात आम्ही पोरींना कुठंतरी न्यायचो — डोकी मोजायची, बसमध्ये ओकाऱ्या पुसायच्या, हरवलेले डबे शोधायचे. एकदा परत येताना ती म्हणाली, की एक दिवस असा जाऊ या की मोजायला कुणी नसेल. फक्त आपण. कन्नड तालुक्याच्या अंगाला, अभयारण्याच्या जंगलात एक दरी आहे. सपाट माळ चालत चालत जातो आणि एकदम पायाखालची जमीन संपते. खाली काळे उभे कडे, तळाशी कोरडा ओढा. तिथले लोक म्हसोबाची दरी म्हणतात. कुणाच्या तरी भावानं सांगितलं होतं — एका बाजूनं उतरायचं, ओढ्याच्या पात्रातून चालायचं, कुंडापाशी जेवायचं, दुसऱ्या बाजूनं वर यायचं, की दिवे लागायच्या आत घरी. आम्ही सातजणी तयार झालो. सगळ्या चाळिशीच्या आसपास. एकीनंही आयुष्यात हौस म्हणून डोंगर चढलेला नव्हता.

तयारी महिनाभर चालली. खरं सांगू का — तो महिना फार सुखाचा होता. स्टाफरूमच्या फळ्याच्या एका कोपऱ्यात नसरीननं यादी लिहिली होती, तिच्या त्या ठसठशीत अक्षरात. पाणी, माणशी दोन बाटल्या. मीठ-साखर. कापूस, पट्टी, कात्री. शिट्टी. कापडी बूट. चादर जाड, एकेकीला एक. 'पुसू नये' असं खाली लिहून ठेवलं होतं, तरी शिपाईमामांनी दोनदा पुसली आणि तिनं दोनदा पुन्हा लिहिली. रविवारी सकाळी लेण्यांच्या टेकडीवर सराव. विद्यापीठाच्या मागून पायऱ्या चढायच्या, वर जाऊन धापा टाकत शेंगदाणे खायचे. दोघीजणी साडीवरच पोरींचे पीटीचे पांढरे बूट घालून यायच्या. घरोघरच्या परवानग्या हा वेगळाच विषय. कुणी सांगितलं अभ्याससहल आहे, कुणी सांगितलं शाळेचं काम आहे. नसरीनच्या घरी मात्र तसं काही नव्हतं. तिचे रशीदभाई वाळूजला कारखान्यात पाळीवर जायचे, आणि बायको दरीत उतरणार म्हणून कारखान्यातल्या माणसांना कौतुकानं सांगत होते.

मग प्रश्न निघाला — आधी जाऊन वाट बघून कोण येणार? नसरीन म्हणाली, रशीदभाईंना सुट्टी असेल त्या रविवारी ती जाऊन येईल. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, मी जाते. आमच्या ह्यांची स्कूटर आहे, आम्ही दोघं जाऊ. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ते बघणं मला किती आवडलं, ते आज लिहितानाही लाज वाटते.

तो रविवार आला. सकाळी ह्यांनी स्कूटर बाहेर काढली, पुसली, आणि पुन्हा आत लावली. म्हणाले, बायकांना दरीत उतरायचं काय अडलंय, आणि मला काय दिवसभर उन्हात भाजून घ्यायचंय. मी पर्स घेतली, पायात नवे कापडी बूट घातले आणि घराबाहेर पडले. कुठं जाणार होते? माहीत नव्हतं. समोर बस आली ती वाळूजकडची. मी बजाजनगरला बहिणीकडे गेले. तिच्या गच्चीवर कुरडया घालायचं चाललं होतं. दिवसभर चीक हाटला, कुरडया पाडल्या, जेवले, एक झोप काढली. संध्याकाळी परत निघाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोकळा प्लॉट होता. तिथं उभं राहून मी इकडंतिकडं बघितलं, आणि मूठभर माती उचलून दोन्ही बुटांना चोळली.

हे मी का केलं? बूट कुणी बघणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी चपलाच घालून गेले.

सोमवारी सगळ्या जमल्या. मी सांगू शकले असते — नवऱ्यानं नेलं नाही गं. त्या हसल्या असत्या, दोन शिव्या घातल्या असत्या, आणि पुढच्या रविवारी नसरीन आणि रशीदभाई जाऊन आले असते. एवढंच होतं. एवढंच. पण मी खडू हातात घेतला आणि फळ्यावर दरी काढली. इथं गाव, इथं उतरायची वाट, थोड्या कोरीव पायऱ्याही आहेत. इथं कुंड — पाणी काचेसारखं. इथं वळणावर एक गुहा. ही वर यायची वाट. एक म्हातारा भेटला, त्यानं माठातलं पाणी दिलं. मी मराठीची शिक्षिका — वर्णन करायला मला काय कमी पडणार? उन्हात कडे कसे दिसतात तेसुद्धा सांगितलं. बाकीच्या ऐकत होत्या. नसरीन वहीत नकाशा उतरवून घेत होती.

उतरवता उतरवता तिनं विचारलं, मोहोळं आहेत का कड्यांना? ह्या दिवसांत असतात.

मी म्हटलं, नाही. एकही नाही.

म्हटलं, कारण त्याआधीच्या दहा प्रश्नांना मी धडाधड उत्तरं दिली होती. अकराव्याला 'ते बघितलं नाही' म्हणणं कसं दिसलं असतं? तिनं वहीत लिहिलं — मोहोळं नाहीत. मग उठून फळ्यापाशी गेली आणि यादीतली 'चादर जाड, एकेकीला एक' ही ओळ पुसून टाकली. म्हणाली, उगीच ओझं कशाला. बसायला एक सतरंजी घेऊ, पुरे.

ती ओळ पुसली जाताना मी बघत होते. 

मध्ये आणखी एक रविवार होता, हेही सांगितलं पाहिजे. मी एकटी बसनं जाऊ शकले असते. गावापर्यंत जीपगाड्या जायच्या, नुसतं विचारून आले असते तरी झालं असतं. त्या रविवारी मी केस धुतले आणि चाचणीचे राहिलेले पेपर तपासले.

निघायच्या आदल्या दिवशी मी सामानात एक गोष्ट वाढवली. कुणाला न सांगता. एक लहान पातेलं, चहापत्ती, साखर, दूध पावडरची पुडी, काड्यापेटी. खाली कुंडापाशी गुपचूप चहा करायचा आणि सगळ्यांना चकित करायचं. यादी नसरीनची होती ना — म्हणून यादीत नसलेलं एक तरी काही माझं असावं, असं मला वाटलं.

सकाळी भाड्याच्या जीपमध्ये बसलो. नसरीन शेवटी चढली आणि गाडीभर गुलाबाच्या अत्तराचा वास पसरला. सगळ्यांनी तिला छेडलं. ती लाजली — ती लाजलेली मी क्वचित बघितली आहे. म्हणाली, काल ह्यांनी शहागंजच्या बाजारातून आणलं. सहलीला जातेस, दिवसभर घामाचा वास नको. नको म्हटलं तर वाईट वाटेल, म्हणून लावलं. मला वाटतं तिला स्वतःला ते फारसं पसंत नव्हतं. पण रशीदभाईंचं मन तिनं कधी मोडलं नाही.

दरीच्या अलीकडे आठ-दहा घरांची वस्ती लागते. तिथं बांधावर एक माणूस उभा होता. मुंडासं, खांद्यावर घोंगडी. आमची गाडी बघून त्यानं हात वर केला. ड्रायव्हरनं वेग कमी केला. मला वाटलं, आता नसरीन खाली उतरणार, म्हणणार, आमच्या ह्या बाई पंधरा दिवसांपूर्वी आल्या होत्या, ओळखलंत का — आणि तो म्हणणार, न्हाई बा, हितं कुनीबी आलं न्हाई. मी ड्रायव्हरला म्हटलं, थांबू नका, पुढं चला, मला वाट माहीत आहे. गाडी पुढं गेली. मागच्या काचेतून दिसत होतं — तो हात तसाच वर करून काही पावलं आमच्या मागं आला, आणि उभा राहिला.

उतरायची वाट सापडली. ती सापडणारच होती, गुरांच्या पायांनी मळलेली होती. पायऱ्या मात्र नव्हत्या. एकीनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, त्या पलीकडच्या वाटेला. आणि ती 'बरं' म्हणाली. सगळ्या माझ्या मागून येत होत्या. मी पुढं. मी जिथं पाय ठेवीन तिथं त्या ठेवत होत्या, आणि दर वळणाला माझ्या मनात एकच — आता काय येणार आहे?

खाली गेल्यावर आवाज बंद झाले. वर माळावर वारं होतं, गुरांच्या घंटा होत्या. खाली काही नाही. कडे दोन्ही बाजूंनी इतके उभे, की आभाळाची नुसती पट्टी दिसत होती. आम्ही बोलायला लागलो की आपलाच आवाज थोड्या वेळानं परत यायचा, म्हणून मग कुणी फार बोलेना. आणि एक बारीक घूं घूं ऐकू येत होती. मला वाटलं माझेच कान वाजतायत, चालण्यानं. कुंड लागलं — अर्ध्याहून कमी पाणी, हिरवं. कुणी विचारायच्या आत मीच म्हटलं, पंधरा दिवसांत किती आटलं बघा.

बाकी सहाजणी पुढं वळणावर सावली शोधायला गेल्या. तिथं खरोखरच एक गुहा निघाली — कड्याच्या पोटातली कपार म्हणा. त्यांनी ओरडून सांगितलं, सापडली गं तुझी गुहा. सतरंजी त्यांच्याकडे होती. मी मागं राहिले, पाय दुखतो म्हणून. एका मोठ्या धोंड्याच्या आड तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या, पातेलं ठेवलं. काटक्या ओल्या होत्या. ज्वाळ धरेना, नुसता धूर. पांढरा, दाट, सरळ कड्याला लागून वर जाणारा. मी फुंकत बसले.

नसरीन परत आली. मला शोधायलाच आली असणार. मला बघून हसली. मग धुराच्या मागं मागं तिची नजर वर गेली आणि ती थांबली. म्हणाली,

"सुलभा, वर बघ गं. ते काळं काळं काय लटकलंय?"

मी वर बघितलं. कड्याच्या पोटाला, आमच्या बरोबर डोक्यावर, सुपाएवढे काळे पट्टे होते. एक, दोन, पाच — पुढं मोजलेच नाहीत. ते हलत होते. पाण्यावर वाऱ्याची लहर जावी तसं काहीतरी त्यांच्यावरून जात होतं. मला दिसलं. मला ते दिसलं, हे मी लिहून ठेवते.

मी म्हटलं, "काही नाही गं. दगडाचा रंग आहे. मी बघून गेलेय ना."

तिनं माझ्याकडे बघितलं. एक क्षण. तिला विज्ञान येत होतं, तिचे डोळे शाबूत होते, तरी तिनं माझा शब्द घेतला. 'बरं' म्हणाली आणि माझ्या शेजारी उकिडवी बसून काटक्या सारायला लागली. धूर कमी व्हावा म्हणून.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे तेवढा भाग मी खराच सांगत आले आहे. आधी आवाज वाढला. मग उजेड कमी झाला, ढग आल्यासारखा. मी डोक्यावरून पदर ओढला आणि पळाले. पळाल्याचा मला दोष वाटत नाही, खोटं कशाला सांगू? अंगावर आग्या मोहोळ उठलं की माणूस पळतो. मी कपारीत शिरले, बाकीच्यांनी सतरंजी कपारीच्या तोंडाशी धरली होती, तिच्या आत घुसले. माझ्या मानेला, हाताला दहा-बारा ठिकाणी चावल्या होत्या. नसरीन आली नाही. ती पळाली होती, पण उलट्या दिशेला, पाण्याकडे. कुंडात तिला बुडी मारता येईल एवढं पाणी नव्हतं. बाहेरून तिचा आवाज येत होता. ती कुणाचं नाव घेत नव्हती. शिट्टी वाजवत होती — गळ्यात अडकवलेली. बराच वेळ. सातव्या बाईला मावेल एवढी ती सतरंजी नव्हती, असं नंतर एकजण म्हणाली.

वस्तीवरची माणसं घोंगड्या पांघरून खाली आली तेव्हा तास उलटून गेला होता. पुढं तोच, मुंडाशाचा. त्यांनी तिला घोंगडीत घालून उचललं. तिचा चेहरा — नाही, ते मी सांगणार नाही. श्वास चालू होता. सगळ्या त्यांच्यामागं रडत निघाल्या. मी मागं राहिले. धोंड्याच्या आड गेले, पातेलं पिशवीत टाकलं, तिन्ही दगड पायानं लोटले, अर्धवट जळक्या काटक्यांवर वाळू ओढली. सगळं व्यवस्थित केलं.

वळले तर तो माणूस उभा होता. माझ्यासाठी परत आला होता, मागं राहिले म्हणून. त्यानं ती वाळू बघितली. मग मला म्हणाला,

"ताई, म्या हात केला व्हता. धूर करू नका, एवढंच सांगायचं व्हतं."

आवाजात राग नव्हता. त्यानं माझी पिशवी खांद्याला घेतली आणि मला धरून वर आणलं.

दवाखान्याला पोचायला दोन तास लागले. दुपार कलली तेव्हा नसरीन गेली. डॉक्टरांनी विचारलं, माश्या एकाएकी कशा उठल्या? कुणी दगड मारला का, धूर वगैरे केला का? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग मी म्हटलं — कुणी मला विचारलंही नव्हतं —

"तिनं अत्तर लावलं होतं."

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, असू शकतं. दारापाशी रशीदभाई उभे होते. कारखान्याच्या कपड्यांतच आले होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी ऐकलं हे मला कळलं, आणि मी ते वाक्य मागं घेतलं नाही.

पोलिसांनी जबाब घेतले ते आम्हा शिकलेल्या बायकांचे. वस्तीवरच्या माणसाला कुणी विचारलं नाही, आणि तोही आपण होऊन आला नाही. काही महिने मला वाटायचं, आज येईल, शाळेच्या फाटकाशी उभा असेल. नाही आला. मग अत्तराची गोष्ट पक्की झाली. ती शाळेत पसरली, गल्लीत पसरली. काहींनी त्यात आपलं घातलं — त्यांच्यात असतंच ते, एवढं कशाला लावायचं. माझ्यासमोर म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे. सहलीला जाणाऱ्या पोरींना सूचना द्यायची वेळ आली की मोठ्या बाई म्हणायच्या, अत्तर, पावडर, गजरा काही नाही, नसरीन मॅडमचं आठवतंय ना? पोरी माना डोलवायच्या. त्या पोरींत नसरीनची समीना होती. नववीत, माझ्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर.

इथंवरचं सगळं भीतीनं झालं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होते. म्हणून आता खरं ते सांगते.

चारेक वर्षांनी रशीदभाई माझ्या घरी आले. दुपारची वेळ, समीनाच्या पुढच्या शिक्षणाबद्दल विचारायला. मी चहा केला. बोलणं झालं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. मग म्हणाले,

"सुलभाताई, एक बात पूछनी थी. तुम साथ में थे. वो अत्तर से ही हुआ ना? सच बोलो. मेरेकू बुरा नहीं लगता."

कसली भीती होती मला तेव्हा? काहीच नाही. पोलीस नाही, डॉक्टर नाही, घरात दुसरं कुणी नाही. समोर एक माणूस, चार वर्षांत पार पिकलेला, सुटका मागत होता. त्याला त्या क्षणी कुणीही दुसरं कारण दिलं असतं तरी त्यानं घेतलं असतं. धूर झाला होता, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं — कुणी केला ते न सांगता. नशीब म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी विचार केला. अगदी शांतपणे विचार केला, की एकदा 'नाही' म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल.

आणि मी म्हटलं, "हो रशीदभाई. डॉक्टर तसंच म्हणाले."

त्यांनी मान हलवली. चहा चांगला झाला होता म्हणाले, आणि गेले.

त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. समीनाला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. लग्नात मला आईच्या जागी बसवलं, पहिल्या रांगेत. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं रीतीप्रमाणे पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावायला सुरुवात केली, तेव्हा रशीदभाईंनी जाऊन तिच्या हातातली कुपी अदबीनं काढून घेतली आणि मांडवाबाहेर निघून गेले. लोकांना वाटलं, दुःखानं. मला माहीत होतं ते कशानं. मी बसून राहिले.

अत्तरानंही झालं असेल, असंही मी मनाशी घोळवून बघितलं आहे. धूर आणि अत्तर दोन्ही. कुणाला माहीत? पण मी ते कुणाला न्याय द्यायला घोळवत नव्हते. रात्री झोप यावी म्हणून घोळवत होते, आणि झोप येत असे. हेही कबूल केलं पाहिजे — मला झोप येते. मी आजारी पडले नाही, खंगले नाही. निवृत्त झाले तेव्हा माझा सत्कार झाला. भाषणात कुणीतरी म्हणालं, मैत्रीण गेल्यावर तिच्या मुलीला ह्या बाईंनी पोटच्या लेकीसारखं बघितलं. टाळ्या झाल्या.

मागच्या वर्षी रशीदभाई गेले. शेवटचे आठ-दहा दिवस त्यांना भान नव्हतं. मी भेटायला गेले होते, त्यांनी मला ओळखलं नाही. ते गेल्यावर समीना माझ्यापाशी येऊन बसली. आता तिच्याही केसांत पांढरं आहे. म्हणाली, अब्बू शेवटी शेवटी एकच बोलत होते — मीच मारलं तिला, मीच आणून दिलं. मी किती सांगितलं त्यांना, असं काही नसतं. ऐकायचे नाहीत. मग तिनं मला विचारलं, मावशी, तुम्ही कधी सांगितलं असतं तर ऐकलं असतं का हो त्यांनी? तुमचं फार मानायचे.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, नको त्याचा विचार करू आता.

म्हणजे मी दरी बघितली नव्हती. मोहोळं आहेत का ते मला माहीत नव्हतं, आणि नंतर दिसली तरी मी दगड म्हटलं. ज्यानं हात केला त्याच्यापाशी गाडी थांबू दिली नाही. धूर मी केला. मग तो वाळूनं झाकला. आणि एका माणसाला आयुष्यभर बायकोचा खुनी म्हणून जगू दिलं, कारण मला पुढचा प्रश्न नको होता. हे सगळं असं एकाखाली एक मी पहिल्यांदाच लिहिलं आहे.

समीना माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. काल तिनं जेवायला बोलावलं होतं. आईच्या पद्धतीनं तुमची आवडती डाळ केलीय म्हणाली — खट्टी डाळ, नसरीन डब्यात आणायची ती. मला समोर बसवून वाढलं. माझ्या ताटाकडे बघत बसली, आणखी हवी का म्हणून.

मी जेवले. दोनदा घेतली. आणि घरी आले.